अटकेपर्यंत केशरी, पण कोणत्या पेन्सिलीनं?

गोलबागेच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो सुन्याच्या मांडीवरच्या अ‍ॅटलासवरून. स्पर्धा परीक्षेत जगाचा इतिहास आहे म्हणून त्यानं रद्दीवाल्याकडून उचललेला. १७५८ चं पान उघडं होतं, अटकेपासून खाली तंजावरपर्यंत सलग केशरी.

तात्या खूश. "आता कसं! हे बघा, सायबाच्या पुस्तकात पण हाय."

बापू ड्राफ्ट्समन. त्यांना रंगापेक्षा रेघ महत्त्वाची. "तात्या, हा रंग कशाचा? वसुलीचा, ठाण्यांचा, का फौज एकदा जाऊन आली त्याचा?"

"राज्याचा! आणि कशाचा?"

"मग १७१९ घ्या. शाहू महाराजांना दिल्लीहून सनदा आल्या. त्यात स्वराज्य वेगळं, आणि दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी वेगळी. चौथाई म्हणजे चौथा हिस्सा, सरदेशमुखी दहा टक्के. बाकीचं सुभेदाराचं. पुढं तो सुभेदार म्हणजे निजाम. एकाच गावात दोघांचे कमाविसदार, म्हणजे वसुली करणारे. त्या गावाला कुठला रंग लावायचा?"

"आपला!" तात्या म्हणाले. कोणीच हसलं नाही, कारण नकाशावाल्यानंही तेच केलं होतं.

सुन्यानं पान उलटलं. "युरोपात तरी रंग चालतो ना?"

"तिथं तर अजून कठीण. १६४८ नंतरचं पवित्र रोमन साम्राज्य म्हणजे तीनशेच्या वर तुकडे. त्यात ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग घराणं साम्राज्याच्या हद्दीत पण राज्य करतं आणि हद्दीबाहेर हंगेरीत पण. एका रंगात बसवलं की हद्द चुकते, दोन रंगांत दाखवलं की घराणं तुटतं."

"म्हणजे अ‍ॅटलास परत रद्दीत?"

"नाही रे. राजकीय पान शेवटी बघायचं, एवढंच. आधी प्राकृतिक नकाशा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेव. अक्षांश-रेखांश छेदतात अशा चार जागी, कोपऱ्यांजवळ, बारीक अधिकचं चिन्ह कर. पहिल्या कागदावर किनारा, नद्या, डोंगर, खिंडी, बाकी काही नाही. मग प्रत्येक सालाला एक वेगळा कागद. ऑटोमन म्हणजे तुर्कांचं साम्राज्य घे. १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल, १५२९ ला व्हिएन्नाचा पहिला वेढा, १६८३ ला दुसरा, मग १९१४. चारही कागद चिन्हाला चिन्ह लावून एकावर एक धर. हद्द डॅन्यूबच्या अंगानं वर सरकते, व्हिएन्नाशी अडते, मग मागं येते. आता विचार, तिथंच का अडली?"

"का?"

"दोरा घे, शिवणाचा. इस्तंबूल, एदिर्ने, सोफिया, बेलग्रेड, बुडा, व्हिएन्ना असा रस्त्यावरून फिरव आणि प्रमाणाच्या पट्टीवर ताणून मोज. चौदाशे किलोमीटरच्या आसपास येईल. खरा रस्ता त्याहून लांब, कारण लहान प्रमाणाच्या नकाशात वळणं गाळलेली असतात. ऑटोमन सुलतान सुलेमान १५२९ ला १० मे रोजी निघाला आणि २७ सप्टेंबरला व्हिएन्नाला पोचला. एकशेचाळीस दिवस. दिवसाला दहा किलोमीटर पडले. पावसानं नद्या फुगलेल्या, जड तोफा चिखलात मागं राहिलेल्या. ऑक्टोबरच्या मध्याला वेढा उठला. हिवाळ्याआधी तेवढंच अंतर परत जायचं होतं."

तात्यांनी इथं बरोबर पकडलं. "आरं, पण १६८३ ला तर जुलैतच पोचले हुते न्हवं? दोन महिने आधी. तरी हरलेच की!"

बापू थांबले. "खरं आहे. तिथं अंतरानं उत्तर मिळत नाही. १२ सप्टेंबरला पोलंडच्या सोबिएस्कीची फौज काहलेनबर्गच्या उंचवट्यावरून खाली उतरली. ते कळायला समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघांचा, मोठ्या प्रमाणाचा नकाशा लागतो, आणि हा पोलंडचा राजा मदतीला का आला हे कळायला तहनामा वाचावा लागतो. नकाशात तह दिसत नाही."

"मग मान्य करा."

"केलं."

सुन्याला घाई. "ट्रेसिंग कशाला, झेरॉक्स मारतो ना मोठी करून."

"मार, पण ए-फोरची ए-थ्री केलीस की १४१ टक्के होते. १:१,००,००,००० लिहिलेलं तसंच छापून येतं आणि खरं प्रमाण झालेलं असतं १:७१ लाखांच्या जवळ. आकडा खोटा पडतो. पट्टी मात्र नकाशासोबतच वाढते, म्हणून झेरॉक्समध्ये ती कापू नकोस. आणि दोन वेगळ्या अ‍ॅटलासमधली पानं एकमेकांवर ठेवू नकोस. प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची रीत, वेगळं असेल तर चार चिन्हं जुळली तरी मधला किनारा सरकतो. पावसाळ्यात तर ट्रेसिंग पेपर स्वतःच फुगतो, आपल्या साताऱ्यात तर विचारूच नको."

प्रक्षेपणाचं निघालं म्हणून नकाशाकार मर्केटरही निघाला. १५६९ चा तो नकाशा दर्यावर्दींसाठी, होकायंत्राची दिशा सरळ रेघेत दिसावी म्हणून. साठ अंशांवर लांबी दुप्पट दिसते, क्षेत्र चौपट. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट. साम्राज्यांचे आकार ताडायचे तर समक्षेत्र प्रक्षेपणच हवं, ज्यात क्षेत्रफळाचं प्रमाण बिघडत नाही. यावर वाद झाला नाही.

सुन्याच्या अ‍ॅटलासचं पहिलं पान फाटलेलं, साल गायब. शेवटच्या पानांवर आजचे, म्हणजे तेव्हाचे, देश होते. बापूंनी तिथं नावं बघायला लावली. लेनिनग्राड आहे, म्हणजे १९२४ नंतरचा. पर्शिया नाही, इराण आहे, म्हणजे बहुधा १९३५ नंतरचा. महाराष्ट्र वेगळा आहे, मग १९६० च्या अलीकडचा. बांगलादेश नाही. "म्हणून लगेच १९७१ च्या आधीचा म्हणू नकोस. प्रकाशक जुनेच ब्लॉक परत छापतात. नवं नाव पुरावा असतं, जुनं नाव फक्त संशय."

चहा संपला. तात्या अजून १७५८ च्या पानावरच. "ते जाऊ द्या. आमचा केशरी कसा काढणार, तेवढं सांगा."

बापूंनी सुन्याच्या वहीचा कोरा कागद ओढला. "स्वराज्य भरीव. चौथाईचा मुलूख तिरक्या रेघांचा. निजामाच्या रेघा उलट्या तिरक्या. जिथं जाळी होईल तिथं दोघांची वसुली. कड ठळक नाही, तुटक."

"आणि अटक?"

"एक टिंब. खाली लिहायचं १७५८–५९."

"टिंब?" तात्या उठून उभेच राहिले.