'रात्री कुत्र्यांची साल' आणि एका फॉरवर्डला उत्तर

ठाण्याच्या कोपरीत माझ्याकडे संध्याकाळी आठवी-नववीची मुलं इंग्रजी शिकायला येतात, बहुतेक मराठी माध्यमातली. गेल्या महिन्यात त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला आणि दोन दिवसांत आणखी तिघांनी मला तोच पाठवला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी शब्दांनी गरीब, म्हणून तिला एकाच शब्दावर चार-चार अर्थ लादावे लागतात. बॅट म्हणजे फळी आणि वटवाघूळही, डेट म्हणजे तारीख आणि खजूरही. या अर्थांना शेंडा ना बुडखा. नदीचा काठ आणि पैशाची पेढी, दोन्ही 'बँक', कारण पैसाही पाण्यासारखा वाहतो. आपल्या मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द. आणि शेवटची ओळ: यात कारण शोधू नका, मुलांकडून सरळ पाठ करून घ्या.

त्या शेवटच्या ओळीमुळे मी हे लिहायला घेतलं. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत 'द डॉग्ज बार्क ॲट नाइट' या वाक्याखाली 'रात्री कुत्र्यांची साल' असं लिहिलेलं होतं. छोट्या कोशात 'बार्क'समोर तिला आधी साल दिसली, तीच तिने उतरवली. वाक्य जुळत नाही हे तिला कळत होतं; शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ते खोडलेलं होतं. विचारलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "बाई, घरी सांगितलं की इंग्रजीत असंच असतं, कारण नसतं." हुशार मुलीने प्रश्न खोडून टाकावा, याचं मला फार वाईट वाटलं.

कारण असतं. मुळात 'बार्क' हा एक शब्द नाहीच. भुंकण्याचा बार्क इंग्रजीचा घरचा, जुन्या इंग्रजीत तो 'बेओर्कन' असा होता. झाडाच्या सालीचा बार्क नॉर्स भाषेतला. नवव्या शतकापासून इंग्लंडच्या पूर्वेकडे येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांबरोबर ती भाषा आली. दोन घरचे दोन शब्द, वापरात झिजत झिजत सारखे दिसू लागले. चांगले कोश त्यांना वेगवेगळे क्रमांक देऊन दोन नोंदी करतात, ते यासाठीच. बॅटचंही तसंच. वटवाघळाला पूर्वी 'बाके'च्या जवळपासचा शब्द होता, त्यातल्या क-चा ट झाला आणि तो सोट्याच्या बॅटशेजारी येऊन बसला. खजुराची डेट ग्रीकमधल्या बोटाच्या शब्दावरून, फळ बोटासारखं दिसतं म्हणून. तारखेची डेट लॅटिन 'दाता'वरून, म्हणजे 'दिलेलं': पत्र अमुक दिवशी दिलं, असं पत्रावर लिहीत. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटवले, असं यात कुठेच घडलेलं नाही.

मराठीत असं नसतं, या दाव्याला उत्तर द्यायला त्या मुलीच्या वहीतला शब्दच पुरे. साल. केळ्याची साल आणि २०२४ साल. पहिली संस्कृत 'छल्ली'पासून आली. छुरीची आपल्याकडे सुरी झाली, तशी छल्लीची साल. दुसरं फारसीतून आलं. दोघांची कधी गाठभेटही नव्हती, आणि आज दोन्ही एकाच अक्षरांत लिहिली जातात. तरी 'ही साल' आणि 'हे साल' यांत आपला गोंधळ होत नाही, कारण लिंग आपल्याला वाट दाखवतं. तसंच तो हार गळ्यातला, ती हार सामन्यातली. जुन्या इंग्रजीतही मराठीसारखीच तीन लिंगं होती. ती गळून पडली आणि ही खूण गेली. त्यामुळे इंग्रजी वाचताना शेजारच्या शब्दांकडे जास्त बघावं लागतं. मुलांना शिकवायची गोष्ट ही आहे.

'नाव' हे उदाहरण मला सगळ्यांत जवळचं. माझी आजी माहेरचं नांव लिहिताना ना-वर टिंब देई. संस्कृत 'नाम'मधला म झिजून जो नाकातला उच्चार उरला, त्याची ती खूण. खाडीतल्या नावेवर टिंब नव्हतं. बोलण्यात तो उच्चार केव्हाच गेला होता. मग १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अशी अनुच्चारित टिंबं काढून टाकली, आणि नाव व नाव कागदावरही एक झाले. म्हणजे इंग्रजीत शतकानुशतकं जे घडत आलं, त्याची एक पायरी आपल्या आजीच्या आणि आपल्या हस्ताक्षरात पाहता येते. घरात जुनी पत्रं असतील तर काढून मुलांना दाखवा.

आणि हे रोज कानावर येतंच. ठाणे स्टेशनबाहेर टीएमटीच्या, म्हणजे महापालिकेच्या बसच्या, रांगेत एक आई मुलाला सांगते, "बस आली, चढ आणि खिडकीशी बस. बस झाली आता मस्ती!" बसायचं बस हे जुन्या मराठीतलं 'बैस'. पुरे या अर्थाचं बस फारसी. वाहनाची बस लॅटिन 'ऑम्निबस'चं शेपूट, मूळ अर्थ 'सर्वांसाठी'. तीन शब्द, तीन ठिकाणांहून आलेले, एका श्वासात. त्या आईची भाषा गरीब आहे का?

गरिबीच्या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्ड कोशाच्या पहिल्याच आवृत्तीत ४ लाखांहून अधिक शब्द होते. उलट कारण शोधायचं तर ते श्रीमंतीत सापडतं. घरचे शब्द होतेच, त्यांत नॉर्स आले, १०६६मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचचे लोंढे आले, विद्वानांनी लॅटिन-ग्रीक आणलं. त्याच काळात शब्दांची शेवटची अक्षरं झडत गेली आणि ते आखूड झाले. एवढे शब्द एका दमात उच्चारायच्या एवढ्याशा तुकड्यात मावायचे म्हटल्यावर काही एकमेकांवर आदळणारच.

'बँक'ची गोष्ट लोकांना आवडते, म्हणून जरा थांबते. करन्सी आणि करंट यांचं मूळ एक आहे, लॅटिनमधलं 'धावणे', तेवढं खरं. पण पेढीची बँक वाहण्यातून आलेली नाही. इटलीतले सराफ ज्या फळीवर नाणी मांडून बसत तिला 'बांका' म्हणत, तिथून ती आली. नदीकाठची बँक स्कँडिनेव्हियन बाजूची, तिचा अर्थ उंचवटा. फार मागे गेलं तर दोघींचं कूळ जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या, भाषांत एकत्र येतं, पण ते नातं फळीचं आणि उंचवट्याचं आहे, पाण्याचं नाही. याच कुळातला एक शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला: 'बांको', म्हणजे आपला बाक. ठाणं १७३७पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं. प्लॅटफॉर्मवरचा बाक आणि पलीकडच्या रस्त्यावरची बँक चुलत भावंडं आहेत, हे खरं असताना बनावट गोष्ट कशाला हवी?

आता शेंडा ना बुडखा हा आरोप. जिथे शब्द खरोखर एकच असतो, तिथे अर्थांची फांदी बहुधा दाखवता येते. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला आली ती ट्रेन, आणि शिकवणं म्हणजेही ट्रेन. मूळ फ्रेंच अर्थ ओढणं. मागे ओढत आणलेल्या डब्यांची रांग एकीकडे, वेलीला हव्या त्या दिशेने ओढून वळण लावणं दुसरीकडे. त्या वळणावरून माणसाला वळण लावणं. खुद्द 'ठाणे' घ्या. शिलाहारांच्या लेखांतलं स्थानक, पोलीस ठाणे, ठाण मांडून बसणे, सगळं 'स्थान'मधून. 'प्युपिल' म्हणजे विद्यार्थी आणि डोळ्यातलं काळं वर्तुळही, याला तर आपण हसूच नये. समोरच्याच्या डोळ्यात आपली चिमुकली प्रतिमा दिसते, म्हणून रोमन लोक त्याला छोटी बाहुली म्हणाले. आपणही बाहुलीच म्हणतो.

राहिली पाठांतराची गोष्ट. मी वर्गात आता एवढंच करते: असा शब्द आला की वहीत 'एक घर' किंवा 'दोन घरं' लिहायचं, मग मोठ्या कोशात तपासायचं. 'कुत्र्यांची साल' लिहिणाऱ्या मुलीने परवा 'फाइन' आणला. फाइन म्हणजे दंड आणि फाइन म्हणजे छान. तिने 'दोन घरं' लिहिलं होतं. आम्ही कोश उघडला. दोन्ही लॅटिन 'फिनिस'चे, म्हणजे शेवट: पैसे भरून प्रकरणाचा शेवट केला तो दंड, आणि शेवटापर्यंत नीट नेलेलं काम ते छान. तिने 'दोन' खोडून 'एक' केलं आणि खाली नवा प्रश्न लिहिला: मग 'फिनिश'पण यांच्याच घरातला का? हो, त्यांच्याच.