चेक्ड एक्सेप्शनवर फुली मारण्याआधी

‘जावातली चेक्ड एक्सेप्शन ही चूकच होती. थ्रोज लिहीत बसू नका, सगळं रनटाइम एक्सेप्शनमध्ये गुंडाळा आणि मोकळे व्हा.’ हा सल्ला सतत फिरत असतो. एक्सेप्शन म्हणजे प्रोग्राम चालताना उडालेली चूक. ती पकडा किंवा मेथडच्या घोषणेत ‘थ्रोज’ लिहून जाहीर करा, असा हट्ट कंपायलर धरतो ती चेक्ड; रनटाइम एक्सेप्शन अनचेक्ड, त्यांच्यासाठी असा हट्ट नाही. सोबत ठरलेले मुद्देही असतात.

पहिला मुद्दा: सी-शार्प आणि कोटलिनने ती घेतली नाहीत. खरंय. पण त्याने फाइल गायब व्हायची किंवा नेटवर्क तुटायचं थांबलं नाही. काय बिघडू शकतं हे सांगायचं काम कंपायलरकडून डॉक्युमेंटेशनकडे गेलं, एवढंच. आणि डॉक्युमेंटेशन शिळं झालं म्हणून बिल्ड कधी अडत नाही.

दुसरा: ‘शेवटी सगळे कॅच एक्सेप्शन लिहून गप्प बसतात.’ म्हणजे येईल ते एक्सेप्शन पकडून गिळून टाकतात. बसतात खरे! पण दोष कुणाचा? एक मेथड घ्या. ती सेटिंगच्या फाइलमधून टाइमआउटचा आकडा वाचते; काहीही बिघडलं की कॅच एक्सेप्शन, रिटर्न ०. कुणीतरी फाइलीत ‘३० सेकंद’ असं लिहिलं. आकडा पार्स होईना, नंबर-फॉरमॅट एक्सेप्शन उडालं, कॅचने गिळलं. मेथडने ० परत दिला, आणि जावाच्या सॉकेटला (नेटवर्क जोडणीला) रीड टाइमआउट ० दिला की त्याचा अर्थ होतो ‘अनंत काळ थांब’. प्रोग्राम लटकला आणि लॉगमध्ये चकार शब्द नाही. गंमत म्हणजे गिळलेलं एक्सेप्शन अनचेक्ड होतं. कॅचमध्ये फक्त आय-ओ एक्सेप्शन (फाइल किंवा नेटवर्क वाचता-लिहिताना येणारं, चेक्ड) पकडलं असतं, तर हे ओळ क्रमांकासकट वर आलं असतं.

तिसरा, ‘एक्सेप्शन महाग पडतात.’ हा मुद्दा इथे गैरलागू. मुख्य खर्च एक्सेप्शन तयार होताना स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या मेथडच्या कुठल्या ओळीतून आली याची यादी) भरण्याचा. चेक्ड असो वा अनचेक्ड, तो तेवढाच. जेव्हीएम, म्हणजे जावाचा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा, हा भेद करतच नाही, तपासणी फक्त कंपायलरची.

चौथा मात्र मान्य. २०१४ मध्ये जावा ८ सोबत लॅम्डा (नाव न देता जागीच लिहिलेली छोटी फंक्शन) आले, पण स्ट्रीमच्या मॅपला (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या मेथडला) दिलेल्या लॅम्डातून चेक्ड एक्सेप्शन बाहेर टाकता येत नाही. तिथे गुंडाळण्यावाचून फारसा इलाज नाही. त्याच आवृत्तीत अनचेक्ड आय-ओ एक्सेप्शन आलं ते काही उगाच नाही. पण गुंडाळताना मूळ एक्सेप्शन कॉज म्हणून कन्स्ट्रक्टरला द्या. नुसता मेसेज उचललात तर स्टॅक ट्रेस तुमच्या गुंडाळणाऱ्या ओळीपाशी संपतो, आणि खरी ओळ शोधायला डीबगर घेऊन बसावं लागतं.