"खान्देशात पाऊस पडतोच किती?" असं विचारणाऱ्या वाचकाला उत्तर

जुनी मोटारहोम (आत पलंग, कपाटं, शेगडी असलेली राहायची गाडी) पहिल्यांदा घेताना काय तपासावं, या माझ्या लेखावर एका वाचकाने खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. आपण वीस वर्षं ट्रक चालवतो असं ते सांगतात. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इंजिन, गिअरबॉक्स आणि चासी दमदार असली की डोळे झाकून गाडी घ्यावी, मागचं सगळं नुसतं सुतारकाम. खान्देशात पाऊस पडतोच किती, म्हणून गळतीवर अर्धा लेख खर्ची घातला? सहा वर्षांची टायरं तपासा म्हणता, पैसे काय झाडाला लागतात? कागदपत्रांवर एकच ओळ. खर्चाचा आकडा नाही. आणि शेवटी, "ज्यांच्या हाताला कधी ग्रीस लागलं नाही त्यांनी उंटावरून शेळ्या हाकू नयेत."

दादा, मी शेवटापासूनच सुरुवात करतो, कारण तुमची बाकीची प्रतिक्रिया त्या एका वाक्याच्या जोरावर उभी आहे. मुद्दा पटला नाही तर तसं सांगायचं. माणसाच्या हातांवर घसरायचं नाही. तुम्ही मला पाहिलेलं नाही, माझं गॅरेज पाहिलेलं नाही, मी काय करून पोट भरतो हे विचारलेलं नाही. तरी माझ्या हाताला काय लागलं आणि काय नाही, हे तुम्हाला यावलला बसून कळलं. मी तुमच्याबद्दल असं एक अक्षर लिहिलं असतं तर तुम्ही ऐकून घेतलं असतं का?

विषय निघालाच आहे तर सांगतो. माझे वडील धुळ्यात बसबॉडी बांधणाऱ्याकडे पत्र्याचं काम करत. शाळा सुटली की मी तिथेच. नवी बॉडी तयार झाली की तिच्यावर चारही बाजूंनी पाणी मारायचे आणि वडील आत खडू घेऊन फिरायचे. जिथे थेंब दिसला तिथे खडूची फुली. पण दुरुस्ती फुलीवर कधीच सुरू होत नसे. फुलीपासून कमानीच्या कडेने बोट फिरवत ते वर-मागे जायचे, कारण पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. कधी कधी दोन खिडक्या ओलांडून. ते बोट कसं फिरायचं हे मी बघत मोठा झालो, नंतर तेच काम स्वतः केलं. तेव्हा उंट तुमच्याकडेच ठेवा. मी खाली, शेळ्यांतच वाढलो.

आता तुमचं ते वाक्य. "खान्देशात पाऊस पडतोच किती?"

धुळ्या-जळगावकडे वर्षाला साधारण 600 ते 700 मिलिमीटर पाऊस होतो. कोकणाच्या मानाने काहीच नाही, कबूल. पण एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीचं छत 10 चौरस मीटरचं धरलं तरी वर्षाला 6 ते 7 हजार लिटर पाणी त्या छतावरून वाहून जातं. त्यातलं पेलाभर आत शिरून प्लायवूडच्या मागे बसलं तरी पुरे आहे. प्लायवूड एकदा फुगलं की परत बसत नाही, आणि मागे हवा लागत नसल्याने ते महिनोन् महिने वाळतही नाही.

शिवाय आपल्याकडचा पाऊस पडतो कसा, हे तुम्ही ट्रकच्या केबिनमधून माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिलं असेल. मिरगाच्या आधीचं वादळ रावेर-यावलच्या केळीच्या बागा एका तासात आडव्या करतं. तो पाऊस वरून येत नाही, बाजूने येतो. खिडकीच्या रबरात, मागच्या दाराच्या चौकटीत, टेललाइटच्या मागे घुसतो. नेहमीच्या सरळ पावसात कोरडी राहणारी गाडी त्या एका तासात आतून ओली होते. आणि मोटारहोम घेणारा माणूस ती दारात लावून ठेवायला घेत नाही. तो तोरणमाळला जाणार. तोरणमाळ खान्देशातच आहे ना, दादा? तिथल्या सातपुड्यातला आषाढ-श्रावण जळगावच्या हिशेबाने मोजून चालेल का?

खरं तर पाऊस हा निम्माच भाग. गळतीची तयारी आपल्याकडे उन्हाळा करतो, आणि लेखात मी नेमकं तेच लिहिलं होतं. तुम्ही तिथवर वाचलंत की नाही, मला शंका आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा 45 च्या घरात असतो. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याचं तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जातं. पहाटेचा पत्रा आणि दुपारचा पत्रा यांत 40 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकात सहा मीटर लांबीचा लोखंडी पत्रा जवळजवळ 3 मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा साडेपाच. म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचं छत असेल तर दोघं रोज एकमेकांवर घासतात, आणि मधलं सीलंट, म्हणजे जोड बुजवणारा लवचीक लेप, रोज ताणलं जाऊन रोज आखडतं. वरून कडक ऊन. दोन-तीन उन्हाळ्यांत ते चिरतं, कडा सोडतं. मग जूनमध्ये पाणी आत. म्हणून ज्या भागात पाऊस कमी आणि ऊन जास्त, तिथे गळती जास्त बारकाईने पाहायची. तुमचा तर्क बरोबर उलटा आहे.

यात नवख्या माणसाची अडचण अशी की आपल्याकडे असल्या गाड्यांचे व्यवहार उन्हाळ्यात होतात. लग्नसराई, सुट्ट्या, हातात कापसाचे पैसे. तेव्हा गाडी कडकडीत वाळलेली असते. वास नाही, डाग नाही. अशीच एक गाडी मी अमळनेरकडच्या एका ओळखीच्या माणसासाठी पाहायला गेलो होतो. सोबतच्या मिस्तरीने इंजिन सुरू केलं, धूर पाहिला, ऑइलची दांडी काढून पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "इंजिन वाघ शे, दादा!" ते खरंच होतं. मर्सिडीजच्या परवान्यावरचं जुनं 2.4 लिटर डिझेल, नीट राखलेलं. आत सगळीकडे पिवळट पडलेला सनमायका, फक्त पलंगाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात हातभर तुकडा पांढराशुभ्र, म्हणजे नंतर बदललेला. मी विकणाऱ्याची परवानगी घेऊन गादी उचलली आणि त्या कोपऱ्याच्या खाली, कपाटाच्या आत, स्क्रूड्रायव्हर टेकवला. दाबलाही नाही. तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काळा, ओलसर भुसा आला. भर मे महिन्यात. त्याच भिंतीतून बॅटरीची वायर खाली उतरत होती आणि तिचा जोड हिरवा पडला होता. विकणारा म्हणाला, "तेवढं सुतार करून देईल." तुमचेच शब्द.

सुतार ते करून देत नाही, दादा. नवं प्लाय ठोकून देतो. वरचा जोड तसाच राहतो, मागची लोखंडी कमान गंजतच राहते. ते काम नीट करायचं तर कपाटं उतरवावी लागतात, खिडकी काढावी लागते, पत्रा उघडावा लागतो. इंजिनाचं तसं नाही. ट्रॅव्हलरचं इंजिन उघडणारे मिस्तरी धुळ्यापासून बऱ्हाणपूरपर्यंत वाटेवर सापडतात, सुटे भाग मिळतात, काम ठरावीक असतं. कुजलेल्या घराला हात घालणारा सापडत नाही. म्हणून माझ्या लेखात गळती आधी आणि इंजिन नंतर. तो क्रम मी विचार करून लावला आहे.

"नुसतं सुतारकाम" या शब्दांवर आणखी एक सांगायलाच हवं, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली बसतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला, थेट बाहेर उघडणारं भोक ठेवलेलं असतं. सुताराला ते भोक म्हणजे धूळ यायची जागा वाटते. तो प्रामाणिकपणे, जादा पैसे न घेता, त्यावर पट्टी मारून देतो. मी अशी पट्टी माझ्या हाताने उखडली आहे. रात्री दारं-खिडक्या लावून लेकरं त्या कप्प्यापासून चार हातांवर झोपतात. याला तुम्ही नुसतं सुतारकाम म्हणणार असाल तर आपलं जमणार नाही.

तपासायचं कसं, हे लेखात आहेच, पण तुमच्या प्रतिक्रियेमुळे कोणी तो भाग सोडून देऊ नये म्हणून पुन्हा. विकणाऱ्याला आधी विचारून नळीने पाणी मारायचं. सुरुवात खालून, हळूहळू वर. आधीच छतावर मारलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. प्रत्येक बाजूला दहाएक मिनिटं. कपाटं रिकामी करून एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं. खिडक्यांचे खालचे कोपरे अंगठ्याने दाबायचे. स्क्रूखाली गंजाचा ओघळ दिसतो का पाहायचं. छताच्या जोडावर चकचकीत नवं सिलिकॉन फासलेलं दिसलं तर आनंद मानायचा नाही, नेमकं तिथेच जास्त वेळ पाणी मारायचं. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन धरत नाही. जुनं पूर्ण खरवडून, पत्रा पुसून, पॉलियुरेथेनचं सीलंट भरावं लागतं, आणि छतावरच्या झडपेच्या कडेखाली ब्युटाइलची (चिकट रबराची) पट्टी. गाडी घेतल्यावर आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला एकदा छतावर चढायचं आणि पावसाळा सरल्यावर एकदा. सकाळी, पत्रा तापायच्या आत.

तुमचे बाकीचे मुद्दे. टायर: तुमच्या ट्रकचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजतो. मोटारहोमचा टायर झिजायच्या आत म्हातारा होतो, कारण गाडी महिनोन् महिने एका जागी उन्हात उभी असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1418 म्हणजे 2018 सालचा चौदावा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवा असं मी लिहिलं होतं, फेकून द्या असं नव्हतं. दहा वर्षं झाली की मात्र नक्षी कितीही शिल्लक असो, काढायचा. कन्नड घाट उतरताना टायर फुटला की झाडाला काय लागतं याची चर्चा करायला वेळ मिळत नाही.

कागदपत्रं: एक ओळ अपुरी होती, हे मान्य. तिथे तुमचं बरोबर आहे. आरसीवर गाडीचा प्रकार आणि आसनसंख्या काय लिहिली आहे ते पाहा. प्रवासी गाडीची सीटं काढून पलंग टाकला आणि आरसीवर जुनंच राहिलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीत फेरबदल करण्याबद्दलचं) आडवं येतं आणि अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. मोटार कॅराव्हॅनसाठी (नियमांत मोटारहोमला हेच नाव) एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. आधी आरटीओ, मग पैसे. मूळ लेखात हे वाढवतो.

खर्चाचा आकडा मी देणार नाही. गाडी न पाहता आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

आणि एवढं लांबलचक उत्तर देण्याचं कारण तुम्ही नाही आहात, दादा. तुमच्या प्रतिक्रियेखाली चोपड्याच्या एका वाचकाने विचारलं आहे, "मग गळतीचं सोडा, इंजिन चांगलं आहे, या आठवड्यात व्यवहार उरकू का?" तुमच्या एका वाक्यावर तो माणूस आयुष्याची पुंजी टाकायला निघाला आहे, आणि तुम्ही त्याला होकाराचा अंगठा टाकून "बिनधास्त" म्हणालात.

चोपड्याच्या दादांना माझं सांगणं: उरकू नका. बयाणा द्यायचाच असेल तर चिठ्ठीवर लिहून घ्या की पाणी मारून पाहिल्यावर गळती निघाली तर पैसे परत. विकणारा त्याला तयार नसेल तर गाडी तिथेच सोडा. तयार असेल तर मला कळवा, रविवारी मी येतो. नळी तेवढी लांब बघा, छताच्या मागच्या टोकापर्यंत पोचली पाहिजे.