गोळी स्वस्त आहे म्हणजे खडू भरलाय का?

आईच्या गोळ्यांचं बिल महिन्याला दोन हजाराच्या घरात जायचं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि वर सकाळची ॲसिडिटीची. या महिन्यात डॉक्टरांना विचारून थायरॉईडची सोडून बाकी जवळपास सगळ्या जनऔषधी केंद्रातून, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानातून आणल्या, आणि बिल बघून आईचा पहिला प्रश्न, "एवढ्या स्वस्त? खडू तर नाही ना भरलाय?"

तिला काय बोलू, मलाही आधी तसंच वाटायचं. पण जरा पट्टी उलटून बघा राव. एकाच औषधाच्या गोळीवर मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं असा नियम 2018 पासून आहे. बीपीची टेल्मिसार्टन 40 ब्रँडच्या पट्टीवरही, टेल्मिसार्टन 40 जनऔषधीच्या पट्टीवरही. यांची पेटंटं कधीच संपलीत, म्हणजे आपण ज्याला 'चांगल्या कंपनीचं' म्हणतो तेही जेनेरिकच (पेटंट संपल्यावर कुठलीही कंपनी बनवू शकते ते औषध), फक्त वर नाव चढवलेलं, आणि त्या नावामागे एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांकडे जाणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधींच्या चकरांचा खर्चही आपल्याच बिलात.

आणि खरी मेख पुढेच आहे. मेडिकलवाला "जेनेरिक देऊ का, वीस टक्के कमी" म्हणतो ना, त्या पट्टीवर एमआरपी ब्रँडच्या बरोबरीने छापलेली असू शकते आणि त्याला ती कितीतरी कमीत पडलेली असते. वीस टक्के आपल्याला, उरलेली मलई काउंटरमागे! आपण खूश होऊन घरी. म्हणून मी आता डिस्काउंट विचारतच नाही, दर गोळीला किती पडले तेवढंच बघतो.

जेनेरिकच्या क्वालिटीबद्दल डॉक्टर शंका घेतात, ती मात्र उडवून लावू नका. ऑगस्ट 2023 मध्ये डॉक्टरांचे नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने औषधं जेनेरिक नावानेच लिहा असा नियम काढला आणि डॉक्टरांनी हीच शंका काढल्यावर त्याच महिन्यात स्थगितही केला. जनऔषधीवाले प्रत्येक बॅच एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधून तपासून घेतो म्हणतात, पण बाहेरच्या कुठल्याही स्वस्त पट्टीबद्दल ती खात्री कोण देणार? थायरॉईडची गोळी म्हणूनच बदलली नाही, तिथे डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) हलतो. फिट्सच्या गोळ्यांचंही तसंच, स्वतःच्या मनाने अजिबात बदलू नका.

बाकी केंद्रात सगळं मिळतंच असंही नाही हां. कोलेस्टेरॉलची गोळी संपलेली, "सोमवारी या" म्हणाले. सोमवारी गेलो, तर गुरुवार सांगितला 😄