नाण्याचा फोटो ‘ऑटो’वर सोडू नका

सोलापूरच्या नाणीसंग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: ‘फोटो कसाही काढा. मग ऑटो दाबा, शार्पनेस पूर्ण वाढवा, बॅकग्राउंड काढून नाणं गोल कापा, फाइल ३०० डीपीआयची करा. नाणं लगेच ओळखलं जातं आणि भावही चांगला येतो.’ यातला एकही सल्ला जसाच्या तसा घेण्याजोगा नाही. सगळ्यात जास्त नुकसान गोल कापण्यानं होतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

‘गोल कापा.’ शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, पुरती गोल नसतेच. ठसा बऱ्याचदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा आणि मारही मधोमध बसलेला नाही, त्यामुळे ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपति’मधलं एखादं अक्षर ऐन कडेला अर्धवट उमटतं. गोल साचा ठेवला की तेवढंच अक्षर जातं. आणि शिवराईचे प्रकार लावायचे ते अक्षरांच्या वळणावरून आणि बारीक खुणांवरून! चांदीच्या रुपयाची कड तर आणखी बोलकी. असे रुपये दागिन्यांत वापरले जायचे, त्यासाठी वरच्या कडेला डाग देऊन कडी बसवलेली असायची. कडी काढून जागा घासली तरी तिथले दोन-तीन दाते बुजलेले दिसतात. जाणकार गिऱ्हाईक आधी तेच बघतं. कड कापलेला फोटो त्याला संशयास्पदच वाटणार.

कापायचं ते चौकोनी. गिंप या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये क्रॉप टूल घ्या, ‘फिक्स्ड’ला ॲस्पेक्ट रेशो १:१ ठेवा आणि चारही बाजूंना व्यासाच्या साधारण ५ टक्के जागा सोडा. त्याआधी मेझर टूलनं मजकुराच्या ओळीवर रेघ ओढून ‘स्ट्रेटन’ करा, पण एकदाच. प्रत्येक वेळी फिरवताना सॉफ्टवेअर सगळे पिक्सेल नव्यानं मांडतं. तीन-चारदा फिरवलं की अक्षरांच्या कडा मऊ पडतात. दोन्ही बाजू सरळ केल्यावर दोन ठसे एकमेकांच्या तुलनेत किती फिरलेले होते हे फोटोत उरत नाही, तेव्हा तो कोन आधीच लिहून ठेवा.

‘बॅकग्राउंड काढा.’ ॲप कड ओळखतं ते उजेड आणि रंग यांच्या फरकावरून. चांदीची चमकती कड पांढऱ्या कागदावर असेल तर ॲप तिचा लचका तोडतं. सोलापुरी चादरीवर ठेवून काढलेल्या फोटोंत उलटी अडचण येते: चादरीचा लाल किंवा निळा रंग नाण्याच्या कडेवर परावर्तित होतो, आणि पार्श्वभूमी काढल्यावरही तो तिथेच राहतो. करड्या रंगाचा, न चमकणारा कागद घ्या, म्हणजे काढायला काही उरणारच नाही.

‘ऑटो दाबा.’ गिंपमधला ऑटो व्हाइट बॅलन्स लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग स्वतंत्रपणे ताणतो. तांब्याच्या नाण्यानं चौकट भरली असेल तर लाल जास्त आहे असं धरून तो इतर दोन वर ओढतो, आणि तांबं राखाडी किंवा पितळी दिसायला लागतं. म्हणजे धातूच बदलला! त्याऐवजी ‘लेव्हल्स’ उघडा, करड्या बिंदूचा ड्रॉपर घ्या आणि त्याच करड्या कागदावर टिचकी मारा.

‘शार्पनेस पूर्ण वाढवा.’ तुळजापूर, नळदुर्ग ही गावं १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे आपल्याकडे निजामाचे, चारमिनारचं चित्र असलेले हाली रुपये आजही पाहायला मिळतात. त्या चारमिनारच्या दारात निजामाच्या नावाचं एक बारीक उर्दू अक्षर असतं: सहावे निजाम महबूब अली खानांच्या नाण्यावर ‘मीम’, सातवे निजाम उस्मान अली खानांच्या नाण्यावर ‘ऐन’. शार्पनेस चढवला की प्रत्येक रेघेभोवती पांढरी किनार येते, एवढ्याशा दारात त्या किनारी एकमेकींत मिसळतात आणि अक्षराचा गोळा होतो. मोठ्या अक्षरांना तीच किनार दुहेरी ठशासारखी, म्हणजे मार दोनदा बसल्यासारखी दिसते. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत तर थेट टांकसाळच बदलते. सालाखाली ठिपका म्हणजे नोएडा, पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबई, तारा हैदराबाद, काहीच नसेल तर कोलकाता. जेपेगच्या दाबणीतून सालाभोवती कचरा जमतो. शार्पनेसनं त्यातला एखादा कण ठिपका होऊन बसतो आणि कोलकात्याचं नाणं नोएडाचं ठरतं. शार्पन शेवटी करा, तेही हलकं: ‘अनशार्प मास्क’मध्ये रेडियस १ च्या आत, अमाउंट ०.३ ते ०.५.

‘३०० डीपीआय.’ हा आकडा फक्त छापताना किती इंचांत पसरायचं ते सांगतो, तपशील एका कणानंही वाढत नाही. मोजायचे ते नाण्यावर पडलेले पिक्सेल. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत २५ मिमीचं नाणं पाव रुंदी व्यापत असेल तर १००० पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरला ४०. तो अख्खा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या दर्जात पाठवला की लांब बाजू साधारण १६०० वर येते आणि मिलिमीटरला १६ च उरतात. आधी कापून पाठवलात तर ते ४० तसेच पोचतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवणं त्याहून बरं.

‘कसाही काढा’ हे तर मुळातच चूक. मोबाइल तिरका धरला की नाणं लंबगोल येतं. ते ताणून गोल केलं तरी एका बाजूची अक्षरं फोकसबाहेर गेलेली असतात, ती परत येत नाहीत. मोबाइल नाण्याला समांतर, वीसेक सेंटीमीटर वर धरा आणि दुप्पट झूम करा. सोलापूरच्या उन्हात चांदी पांढरीफटक उठते आणि जिथे पूर्ण पांढरं झालं तिथला तपशील कोणतंही सॉफ्टवेअर भरून देऊ शकत नाही. खिडकीला पांढरं कापड लावून बाजूनं येणारा उजेड घ्या. एक फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा आणि तो अजिबात कापू नका. मूळ फाइल तशीच ठेवून कामाची प्रत गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ प्रकारात जतन करा, पाठवायची प्रत ९० च्या वरच्या दर्जाच्या जेपेगमध्ये काढा, आणि फाइलच्या नावातच व्यास आणि वजन लिहा.