उचित कार्यवाहीस्तव सादर

सरळसेवेतून जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहाय्यक म्हणून रुजू झालात, अभिनंदन. आता लवकरच तुम्हाला संवादकौशल्याच्या प्रशिक्षणाला पाठवतील. तिथं टाय लावलेले एक गृहस्थ पडद्याकडे बोट दाखवत सांगतील की थोडक्यात लिहा, स्पष्ट लिहा, समोरच्याचं आधी ऐकून घ्या. चहा-बिस्किटं घ्या, हजेरीपटावर सही करा आणि ऐकलेलं सगळं तिथंच ठेवून या. असल्या सवयी खासगी कंपनीत चालतात. तिथं काम झालं नाही तर नोकरी जाते. आपल्याकडे काम झालं तर चौकशी लागते.

नमुन्यादाखल एक प्रकरण घेऊ. जूनच्या वादळात एका वाडीवरच्या शाळेचे पत्रे उडाले. मुख्याध्यापकांचा अर्ज आला: ‘दोन खोल्यांचे पत्रे उडाले आहेत, मुलं व्हरांड्यात बसतात, पत्रे मिळावेत.’ भाबडेपणा बघा! ना संदर्भ, ना सहपत्रं, एका वाचनात सगळं कळतं. असा कागद फार धोकादायक, कारण तो वाचल्यावर काय करायचं ते लगेच सुचतं. ते करायचं नाही. आवक शिक्का मारायचा आणि टिप्पणी लिहायला घ्यायची:

‘पृ. 1/प.वि. वरील पत्राचे कृपया अवलोकन व्हावे. सदर पत्रान्वये पत्रे उपलब्ध करून देणेबाबत विनंती करण्यात आलेली आहे. तथापि, उडालेल्या पत्र्यांचा पंचनामा सोबत जोडलेला दिसून येत नाही. सबब, याबाबत बांधकाम विभागाचे अभिप्राय घेणे उचित होईल किंवा कसे, याबाबत आदेशार्थ सादर.’

एवढ्या मजकुरात तुम्ही कुठं दिसता का? विनंती ‘करण्यात आलेली’ आहे, पंचनामा ‘दिसून येत नाही’. कुणाला दिसत नाही, ते विचारायला कुणी येणार नाही. आणि शेवटचं ते ‘किंवा कसे’! त्यात होकारही आहे, नकारही आहे, आणि उद्या चौकशी लागलीच तर दोन्ही तुमच्या बाजूचे आहेत. हे ज्यानं शोधून काढलं त्याचा पुतळा अजून एकाही चौकात उभा नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता नस्ती, म्हणजे फाइल, वर जाईल. वरिष्ठ सहाय्यक तुमच्या सहीखाली ‘सादर’ लिहितील, कक्ष अधिकारीही ‘सादर’ लिहितील आणि उपशिक्षणाधिकारी लिहितील ‘चर्चा करावी’. हे वाचून तुम्ही चर्चा करायला जाल, तर तो नवखेपणा झाला. साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, असतात. व्हीसी संपली की दौऱ्यावर असतात, दौरा संपला की दौऱ्याचा आढावा घ्यायला पुन्हा व्हीसीत बसतात. कधी दारात गाठ पडलीच, तर ‘ते पत्र्यांचं बघा’ एवढं ऐकून परत यायचं आणि लिहायचं, ‘चर्चेप्रमाणे पुनश्च सादर.’ काय चर्चा झाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि त्यातच तुमचं भलं आहे.

कुणीतरी तुम्हाला दप्तर दिरंगाई कायदा दाखवून घाबरवेल. घाबरू नका, तो 2005 चा अधिनियम एकदा नीट वाचा. एका टेबलावर नस्ती साधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांहून जास्त राहू नये, असं त्यात म्हटलंय. ती तिथून पुढंच गेली पाहिजे, असं कुठं म्हटलंय? सहाव्या दिवशी त्रुटी काढून खाली पाठवा. शिवाय दुसऱ्या विभागाला विचारायची गरज नसेल तर निर्णयाला 45 दिवस, आणि विचारावं लागत असेल तर 3 महिने. म्हणजे अभिप्राय मागितला की मुदत आपोआप दुप्पट. म्हणून दुसरा विभाग शोधूनच काढायचा. पत्र्यांचा खर्च जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून, समग्र शिक्षामधून की जिल्हा नियोजनमधून, एवढा एक प्रश्न विचारला तरी तीन दारं उघडतात. दरम्यान कागद ‘प्रतीक्षाधीन’ गठ्ठ्यात बांधून ठेवायचा. कागद सहा गठ्ठ्यांत लावून ठेवायच्या ‘सहा गठ्ठे पद्धती’तला हा सगळ्यांत उबदार गठ्ठा.

तोंडी संवाद सोपा आहे. गुरुजी स्वतः येतील, ‘भाऊसाहेब, आमच्या पत्र्यांचं काय झालं?’ म्हणतील. खुर्ची द्या, चहा सांगा, ‘गुरुजी, तुमचंच काम चाललंय’ म्हणा आणि नजर छताकडे नेऊन ‘फाइल वर गेलीय’ असं सांगा. ‘वर’ म्हणजे कुठं, हे आजवर एकाही गुरुजींनी विचारलेलं नाही. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर गळक्या वर्गाचा फोटो टाकला, तर त्याच मिनिटाला कुणातरी साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या. वाढदिवस असायलाच हवा असं नाही. चाळीस पुष्पगुच्छांखाली फोटो गाडला जातो.

गावातला एखादा पोरगा माहिती अधिकारात अर्ज टाकेल: ‘पत्रे का दिले नाहीत?’ तिसाव्या दिवशी उत्तर द्यायचं की मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. किंवा कलम 6(3) खाली अर्ज बांधकामकडे हस्तांतरित करायचा. त्याला 5 दिवसांची मुदत असते, आणि ही एकच मुदत आपल्या कार्यालयात कधी चुकत नाही.

एवढं सांभाळलंत की दसरा येतो. ऊन पडतं, व्हरांडाही वाळतो. मग प्रकरण बंद करायची शेवटची टिप्पणी लिहायला घ्यायची, अक्षर जरा सुवाच्य काढून: ‘पावसाळा संपुष्टात आल्याने सदर मागणीची निकड राहिलेली नाही. सबब, प्रकरण दप्तरी दाखल करण्यास मान्यता असावी.’ ही मात्र एका दिवसात सगळ्या सह्या होऊन खाली येते. एक प्रत मुख्याध्यापकांना माहितीस्तव पाठवा, आणि खाली लिहायला विसरू नका: केलेल्या कार्यवाहीचा अनुपालन अहवाल छायाचित्रांसह 7 दिवसांत या कार्यालयास सादर करावा, विलंब झाल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.