डोअर पॅनेल असं उपटतात का रे?

काच अडकली म्हणून गाडी गॅरेजला दिली की दरवेळी तेच, काच वर-खाली करणारा रेग्युलेटर नीट बसवतात आणि डोअर पॅनेलची, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाची, वाट लावतात. अरे १९९० च्या दशकातली स्पोर्ट्स कार आहे ती, उन्हात तापून पॅनेल धरून ठेवणाऱ्या क्लिपांचं प्लास्टिक पार ठिसूळ झालंय, त्यात तुम्ही स्क्रू ड्रायव्हर खुपसून ओढणार! हँडलमागचा लपलेला स्क्रू आधी काढा, मग नायलॉनची पट्टी क्लिपच्या अगदी शेजारी सरकवून एकेक सोडवा आणि मग पॅनेल वर उचला ना. क्लिपा पुण्यात नाना पेठेत मिळतील एकवेळ, पण क्लिपच्या भोकापाशी मागचा पुठ्ठाच फाटला तर पॅनेल आणायचं कुठून? आतला पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद तर सरळ कचऱ्यात टाकतात, मग जुलैत कार्पेट ओलं!